वजीर ई१ : सांघिक ऑनलाइन डावातला नियमभंग कसा हाताळावा

२१ जून १९९९ रोजी मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन गेमिंग झोन या खेळांच्या साइटवर बुद्धिबळाचा एक डाव सुरू झाला. पांढऱ्या सोंगट्या जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हच्या, काळ्या बाकीच्या जगाच्या. प्रत्येक चालीला चोवीस तास, आणि काळ्याकडून सर्वाधिक मतं मिळवणारी चाल पटावर, एवढा साधा नियम. २२ ऑक्टोबरला, पांढऱ्याच्या ६२व्या चालीनंतर, काळ्याने डाव सोडला. चार महिन्यांत पंच्याहत्तरहून अधिक देशांतल्या पन्नास हजारांवर लोकांनी त्यात मत दिलं होतं.

बुद्धिबळ म्हणून हा डाव फार वरच्या दर्जाचा झाला आणि त्याबद्दल भरपूर लिहिलंही गेलं. इथे विचार करायचा आहे तो ५१ ते ५९ या नऊ चालींमध्ये काळ्याच्या गोटात काय बिघडलं याचा. एकाच माणसाने अनेक मतं टाकल्याचा दावा, वेळेवर न पोचलेलं विश्लेषण, चिडून मुद्दाम टाकलेली आत्मघाती मतं आणि आयोजकांनी ऐन वेळी फिरवलेला निकाल, हे सगळं तिथे एकापाठोपाठ घडलं. आज चेस डॉट कॉम या साइटवर व्होट चेस, म्हणजे संघाच्या मतांनी चाल ठरणारा डाव, खेळणाऱ्या क्लबच्या कॅप्टनला जे प्रश्न पडतात, त्यातले बहुतेक इथे मोठ्या आकारात दिसतात.

आधी व्यवस्था. काळ्याच्या मदतीला चार तरुण विश्लेषक नेमले होते: फ्रान्सचा एतिएन बाक्रो (१६), अमेरिकेचे फ्लोरिन फेलेकन (१९) आणि इरिना क्रश (१५), जर्मनीची एलिझाबेथ पेट्झ (१४). कास्पारोव्हची चाल आली की हे चौघे आपापली शिफारस देत, लोक ती वाचून मत देत. शिवाय खुला चर्चाफलक होता, तिथे जगभरचे खेळाडू रात्रंदिवस ओळी, म्हणजे पुढच्या संभाव्य चालींच्या मालिका, तपासत. इंजिन, म्हणजे चाली शोधणारे संगणक प्रोग्राम, वापरायला बंदी नव्हती आणि लोक ती उघडपणे वापरत होते. चर्चाफलक कास्पारोव्हलाही वाचता येत होता. आपण तो वाचत होतो, हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं.

इरिनाचं वजन या सगळ्यात हळूहळू वाढत गेलं. १०व्या चालीला तिने वजीर ई६ सुचवली. त्यातून काळ्याने एक हत्ती देऊन घोडा आणि प्यादी घेतली, आणि डाव ठरीव वाटेवरून पार बाजूला गेला. तिथून ५०व्या चालीपर्यंत जगाने प्रत्येक वेळी तिचीच शिफारस उचलली. ती एकटी नव्हती. चर्चाफलकावरच्या चांगल्या ओळी गोळा करणं, त्या तपासणं, झाडासारख्या मांडणं हे काम तिच्याभोवतीचा एक गट करत होता. संघ टिकला तो या गटामुळे. पण नियमांत या गटाला काहीच स्थान नव्हतं. मतपेटीत पन्नास चालींचा अभ्यास करणाऱ्याचं आणि त्या दिवशी सहज डोकावलेल्याचं मत सारखंच होतं. खुल्या मतदानात ते तसंच असणार, हेही मान्य करायला हवं.

५१वी चाल

५०व्या चालीला दोन्ही बाजूंना नवे वजीर मिळाले होते. ५१व्या चालीला कास्पारोव्हने वजीर एच७वर नेला. आता पटावर सात सोंगट्या: पांढऱ्याचा राजा जी६वर, वजीर एच७वर, प्यादं जी५वर, काळ्याचा राजा बी१वर, वजीर डी१वर, प्यादी बी७ आणि डी६वर. पांढरा राजा आणि वजीर ज्या कर्णावर आहेत, त्याच कर्णाच्या दुसऱ्या टोकाला काळा राजा. म्हणजे पांढरा राजा सरकला की उघडा शह बसणार. इरिनाची शिफारस होती राजा ए१, म्हणजे कर्ण आधीच सोडायचा. मतं जास्त पडली प्यादं बी५ या चालीला. पुढे राजा एफ६ शह, राजा बी२. वजीर एच२ शह, राजा ए१. वजीर एफ४, प्यादं बी४. आणि ५५व्या चालीला कास्पारोव्हच्या वजिराने ते प्यादं उचललं. राजा शेवटी ए१वरच गेला, पण एक प्यादं घालवून.

त्यानंतर होसे उनोदोस या टोपणनावाच्या एका सहभागीने जाहीर केलं की बी५ला आपण ढिगाने मतं टाकली होती. या दाव्यात तथ्य किती, हा प्रश्न कॅप्टनच्या दृष्टीने दुय्यम आहे. मतदानाच्या व्यवस्थेत फट होती आणि ती आहे असं लोकांना वाटत होतं, एवढ्यानेच नुकसान झालं. त्या दिवसापासून प्रत्येक निकालाकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं, आणि मत फुकट जातंय असं वाटलं की तासन्‌तास ओळी तपासणारा माणूसच सगळ्यात आधी खचतो.

इथे काय करता आलं असतं? चाल परत घेता येत नाही. पटावर पडलेली चाल पडली, मग ती कोणत्याही मतांनी पडो. पण निकालाबरोबर आकडे द्यायला हवे होते: एकूण मतं किती, बाद किती, कोणत्या कारणाने बाद. मत कसं बाद होतं हा नियम पुढच्या चालीच्या आधी लिहून प्रसिद्ध करायला हवा होता. तसा लिखित नियम सगळ्यांसमोर असता, तर ५९व्या चालीचा गोंधळ बराचसा टळला असता.

५८वी चाल

इथे कोणी नियम मोडला नाही. तरी या प्रकरणाचा हा मधला दुवा सोडला, तर पुढचं काही कळत नाही. कास्पारोव्हने ५८व्या चालीला प्यादं जी६वर नेलं. इरिनाच्या गटाचं मत होतं वजीर एफ५. पण तिची शिफारस संपर्कातल्या विलंबामुळे वेळेवर झळकलीच नाही. लोकांनी समोर दिसत होतं त्यावर मत दिलं आणि वजीर ई४ निवडून आली. वजीर एफ५ने डाव वाचला असता का, हा वेगळा वाद आहे. संघातल्या कष्टकऱ्यांनी मात्र हा थेट अन्याय मानला, कारण मतदानाचं घड्याळ शिफारशीसाठी थांबलं नव्हतं. इरिना विश्लेषक म्हणून बाजूला झाली.

चोवीस तासांच्या चालीत मतदान पहिल्या मिनिटापासून उघडं असेल, तर सुरुवातीच्या काही तासांत पडणारी मतं नुसती पटाकडे बघून पडलेली असतात. चांगलं विश्लेषण उशिरा येतं, कारण त्याला वेळ लागतो. म्हणून ‘आधी चर्चा, मग मत’ हा क्लबचा घरचा नियम अगदी पोटतिडकीने पाळावा लागतो. नुसतं सांगून तो पाळला जात नाही. तास ठरवून द्यावे लागतात.

५९वी चाल

कास्पारोव्हने वजीर जी१वर नेऊन शह दिला. काळा राजा बी१वर, वजीर ई४वर. राजा बी२वर सरकवणं ही सरळ चाल. पण शहाच्या आड वजीर ई१वर आणून घालणं ही चालसुद्धा नियमात बसते, आणि पांढरा तो वजीर फुकट उचलतो. संतापलेल्या लोकांनी नेमकी हीच चाल लावून धरली, आणि तिला सर्वाधिक मतं पडली.

मायक्रोसॉफ्टने ती मतं बाद ठरवली आणि पटावर राजा बी२ आली. कारण दिलं ते मतपेटी भरल्याचं, म्हणजे एकाच माणसाने अनेक मतं टाकल्याचं.

आमच्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक ही आहे. वजीर ई१ ही चाल पटावर जाऊ द्यायला हवी होती, असं आमचं म्हणणं मुळीच नाही. ज्यांनी चार महिने मेहनत केली त्यांचा डाव असा उधळू देणं हाही अन्यायच झाला असता. आक्षेप दोन गोष्टींना आहे. एक म्हणजे, ५१व्या चालीला मतपेटी भरल्याचा दावा जाहीरपणे झाला तेव्हा चाल तशीच राहिली, आणि ५९व्या चालीला त्याच कारणाने निकाल फिरवला गेला. दुसरी अधिक गंभीर आहे. एका माणसाने दहा नावांनी टाकलेली मतं आणि दहा माणसांनी रागाने टाकलेली दहा मतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात मताचा अधिकार चोरला जातो. दुसऱ्यात मत खरं असतं, हेतू वाईट असतो. दोघांना एकाच टोपलीत टाकलं की निषेध करणाऱ्याला खोटारडं ठरवलं जातं, आणि खऱ्या खोटारड्याला गर्दीत लपायला जागा मिळते.

नियम असा लिहिता आला असता: ‘जी चाल सोंगटी किंवा डाव उघडपणे फुकट देते ती विश्लेषकांपैकी तिघांच्या लेखी संमतीने बाद होईल, आणि पुढची सर्वाधिक मतांची चाल खेळली जाईल.’ हा नियम पहिल्या चालीच्या आधी सगळ्यांनी वाचलेला असता, तर ५९व्या चालीला आयोजकांवर पक्षपाताचा आरोप करणं अवघड गेलं असतं.

आजच्या क्लबमध्ये हेच कसं दिसतं

व्होट चेसमध्ये पाया तोच आहे: सदस्य मत देतात, जास्त मतांची चाल खेळली जाते, चर्चा फक्त आपल्या संघाला दिसते. मोठा फरक इंजिनचा. १९९९च्या डावात इंजिन चालत होतं. आज चेस डॉट कॉमच्या ‘डेली’ डावांत, म्हणजे एका चालीला एक किंवा अधिक दिवस मिळतात त्या डावांत, ओपनिंगची (सुरुवातीच्या चालींची) पुस्तकं आणि डेटाबेस चालतात, इंजिन आणि एंडगेम टेबलबेस (मोजक्या सोंगट्यांच्या स्थितींची संगणकाने काढलेली अचूक उत्तरं) चालत नाहीत. लीचेस या दुसऱ्या साइटवरच्या पत्रव्यवहार डावांतही, म्हणजे अशाच संथ डावांतही, साधारण हीच रेषा आहे. आयसीसीएफ या आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहार बुद्धिबळ महासंघाच्या पत्रव्यवहार बुद्धिबळात मात्र इंजिनला परवानगी आहे. तिथून आलेला सदस्य अगदी निर्मळ मनाने इंजिनची ओळ चर्चेत टाकू शकतो. म्हणून डावाच्या पहिल्या टिपणीत, चाल पडण्याआधी, कॅप्टनने चार-पाच ओळींत काय चालतं आणि काय नाही हे लिहून ठेवावं, आणि नव्या सदस्याला ती टिपणी वाचल्याचं एका शब्दात कळवायला सांगावं. पुढे ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव खरा की खोटा हे याच शब्दावरून ठरतं.

कॅप्टनने पहिल्यांदा ठरवायचं ते हे की मोडलेला नियम साइटचा आहे की घरचा. इंजिन, एकाच माणसाची दोन खाती आणि शिवीगाळ ही प्रकरणं साइटची. चर्चेआधी मत देणं, ठरलेली योजना न वाचता भलतीच चाल लावून धरणं, व्हॉट्सॲपवर ओळी टाकणं ही घरची. घरच्या प्रकरणात निर्णय कॅप्टनचा. साइटच्या प्रकरणात कॅप्टनचं काम फक्त पुरावा जपणं आणि तक्रार करणं. ही सीमा ओलांडली की कॅप्टन स्वतःच अडचणीत येतो.

इंजिनचं प्रकरण जवळून पाहू. समजा तीन दिवसांची चाल आहे. दुसऱ्या दिवशी एक सदस्य चौदा चालींची ओळ टाकतो, सोबत ‘+१.८’ असा, इंजिन स्थितीचं मोल सांगताना देतं तसा, आकडा. तोवर चर्चा दुसऱ्याच दोन चालींची चालली होती. इथे घाईने टिपणी पुसणं ही सर्रास होणारी चूक. पुरावा जातो, आणि ज्यांनी ती वाचली त्यांच्या डोक्यातून ती काही जात नाही. आधी पडद्याचं चित्र काढून ठेवावं, त्यात वेळ आणि सदस्याचं नाव दिसलं पाहिजे. मग टिपणी काढावी, आणि चर्चेत कोणाचंही नाव न घेता एवढंच लिहावं: ‘अमुक वाजताची टिपणी नियमात बसत नसल्याने काढली आहे. तिच्यातल्या ओळीवर चर्चा करू नये.’ त्या सदस्याला खाजगीत विचारावं की आकडा कुठून आला. माणूस स्वतः हिशेब करतो तेव्हा तो ‘पांढरा बरा’ म्हणतो, ‘प्यादं मिळतं पण राजा उघडा राहतो’ म्हणतो. दशांशाचा आकडा तो देत नाही. तरीही नुसत्या ओळीच्या लांबीवरून किंवा अचूकतेवरून निकाल देऊ नये. सक्तीच्या शहांची मालिका असेल तर चांगला क्लब खेळाडू दहा चाली सहज पाहतो. उत्तर समाधानकारक नसेल तर साइटकडे तक्रार करून थांबावं. ‘हा चीटर आहे’ असं चर्चेत लिहिणं साइटच्या नियमातही बसत नाही, आणि उद्या तो निर्दोष निघाला तर क्लबमध्ये त्याला तोंड कसं दाखवायचं?

आता अवघड भाग: त्या टिपणीत सुचवलेली चाल खेळायची का? तिची चर्चा टिपणीच्या आधीच झाली असेल आणि कोणी ती स्वतः तपासलेली असेल, तर मतदान चालू ठेवावं. ती चाल केवळ त्या टिपणीतूनच आलेली असेल, तर ती यादीतून काढावी आणि समोरच्या संघाच्या कॅप्टनला दोन ओळींत कळवावं. यात लाज वाटण्याचं कारण नाही. गुप्त ठेवलेली गोष्ट डाव संपल्यावर कोणी तरी बाहेर काढतंच, आणि मग सगळ्या संघावर डाग पडतो. काही कॅप्टन म्हणतात की चांगली चाल ती चांगली चाल, कुठून का येईना. हे आम्हाला मान्य नाही. चाळीस लोक आठवडाभर डोकं लावतात ते उत्तर छापून मिळवण्यासाठी नाही.

घाईने मत देणाऱ्याचा उपाय सोपा आहे, पण सातत्य लागतं. तीन दिवसांच्या चालीत पहिले छत्तीस तास फक्त चर्चा. मग कॅप्टनने दोन किंवा तीन चाली निवडून, प्रत्येकीमागचं कारण एका वाक्यात लिहून यादी टाकावी. शेवटचे छत्तीस तास मतदान, आणि संपायच्या बारा तास आधी एक आठवण. हे न पाळणाऱ्याला पहिल्या वेळी खाजगी निरोप, दुसऱ्या वेळी लेखी ताकीद, तिसऱ्या वेळी पुढच्या डावात जागा नाही. चालू डावातून मध्येच काढू नये. त्याचं आधीचं मत पडलेलं असतं, आणि काढलेला माणूस चिडून समोरच्या संघाला आपली सगळी योजना सांगू शकतो. प्यादं कुठे देणार, कोणत्या एंडगेमची वाट पाहताय, हे समोरच्याला कळलं की मागच्या वीस चालींचं काम वाया जातं. काढायचंच असेल तर चाल नुकतीच पडलेली असताना, म्हणजे आपलं मतदान सुरू होण्यापूर्वी काढावं.

गळती ही आपल्याकडच्या क्लबांची खास दुखरी नस आहे. एकाच शहरातले खेळाडू दोन क्लबांत असतात, आणि त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप एकच असतो. तिथे ‘मी तर वजीर एफ५च म्हणतोय’ एवढं वाक्य पुरतं. म्हणून डाव सुरू होताना प्रत्येक सदस्याने समोरच्या क्लबात आपण आहोत की नाही ते सांगावं, आणि असल्यास त्या डावापुरतं बाजूला राहावं. जुना, ज्येष्ठ सदस्य असेल तर हे सांगताना कॅप्टनला संकोच होतो. तरीही हा नियम नव्या मुलाला आणि ज्येष्ठांना एकच असावा. ज्येष्ठांना फोन करून नीट समजावून सांगावं, म्हणजे त्यांचा मानही राहतो आणि नियमही.

रागाने टाकलेलं मत, म्हणजे वजीर ई१ची छोटी आवृत्ती, क्लबमध्ये एक-दोघांचंच असतं आणि निकाल फिरवत नाही. त्यामागचं कारण मात्र शोधावं. बहुतेक वेळा त्या सदस्याची ओळ चर्चेत कोणी वाचलीच नव्हती, किंवा यादीतून ती न सांगता गाळली गेली होती. यादी करताना गाळलेल्या चालीपुढे ‘का गाळली’ हे एका ओळीत लिहिलं, तर अशी मतं कमी होतात.

डाव सोडण्याच्या मताचाही नियम आधी ठरवून ठेवावा. १९९९मध्ये ६२व्या चालीला प्यादं जी७वर पोचल्यावर डीप ज्युनियर या प्रोग्रामने २८ चालींत सक्तीची मात दाखवली होती, तरी डाव सोडण्याच्या बाजूने पडली ५१ टक्के मतं. एवढ्या थोड्या फरकाने डाव संपला की उरलेल्या निम्म्या लोकांना फसवल्यासारखं वाटतं. साइट मतांची मोजणी तिच्या पद्धतीने करणारच, पण क्लबने घरचा नियम ठेवावा: कॅप्टनने चर्चेत डाव सोडण्याचा प्रस्ताव मांडून एक पूर्ण चाल जाऊ द्यायची, आणि मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश लोकांनी चर्चेत ‘हो’ म्हटल्याशिवाय कोणी सोडण्याचं मत द्यायचं नाही. जो त्याआधी देईल त्याला घाईने मत देणाऱ्याचाच नियम लागू.